कुठनं कुठवर?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९८४ सालची गोष्ट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी आणि माझा एक मित्र एकाच मशिनशॉपमध्ये उमेदवारी करत होतो. त्याच्याकडे राजदूत होती, माझ्याकडे थोरल्या भावाची येझदी. दुपारच्या सुट्टीत चहाच्या गाड्यावर आमचा एकच वाद चालायचा, पन्हाळ्याला लवकर कोण पोहोचतो? तो म्हणायचा, कोल्हापूर ते पन्हाळा बावीस मिनिटं. मी म्हणायचो, एकोणीस. पंधरा दिवस हेच चाललं होतं. शेवटी गाड्यावरच्या मामांचे कान किटले. ते म्हणाले, "आरं, पर कुठनं कुठवर?"

तेव्हा उलगडा झाला. मित्र बिंदू चौकातून निघायचा आणि थेट तीन दरवाजापाशी जाऊन थांबायचा. मी शिवाजी पूल ओलांडला की घड्याळ बघायचो आणि पन्हाळ्याच्या नाक्यावर पुन्हा बघायचो. गावातली गर्दी माझ्या हिशेबात नव्हतीच, आणि गडावरचा रस्ताही नव्हता. त्यात त्याचं घड्याळ एचएमटीचं, सेकंदकाट्याचं. माझ्या घड्याळाला सेकंदकाटाच नव्हता. ज्या दोन आकड्यांवरून आम्ही पंधरा दिवस भांडलो, त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता.

मामांनी विचारलेला हा प्रश्न मोटारींच्या जगात कुणी नेमानं विचारायला जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली, असं म्हटलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. पण ते खरं आहे. जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात न्यूरबुर्गरिंग नावाचा एक शर्यतीचा मार्ग आहे. त्याच्या उत्तरेकडच्या वळशाला नॉर्डश्लाइफे म्हणतात. वेगवान स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या अनेक कंपन्या आपली गाडी इथं आणतात, एक फेरी मारतात आणि लागलेली वेळ जगाला सांगतात. एका फेरीचं अंतर आहे २०.८३२ किलोमीटर. म्हणजे जवळजवळ कोल्हापूर ते पन्हाळाच म्हणा ना! तेवढ्या अंतरात ७३ वळणं आहेत, आणि सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या जागेत सुमारे ३०० मीटरचा चढउतार आहे. वाघबिळापासून पन्हाळ्याचा घाट चढताना जे पोटात येतं, ते तिथं पुन्हा पुन्हा येतं. फरक एवढाच की तिथं समोरून एसटी येत नाही.

हा मार्ग बांधला गेला तो मुळात रोजगार हमीच्या कामासारखा. पहिल्या महायुद्धानंतर आयफेलचा भाग गरिबीनं गांजला होता. तिथले एक प्रशासकीय अधिकारी ओटो क्रॉयट्स यांनी कल्पना मांडली की इथं मोटारींसाठी एक मार्ग बांधावा. लोकांच्या हाताला काम मिळेल आणि जर्मन कारखानदारांना गाड्या तपासायला जागा मिळेल. १९२५ च्या सप्टेंबरात कोनशिला बसली आणि जून १९२७ मध्ये पहिल्या शर्यती झाल्या. मोटारींची पहिली शर्यत मर्सिडीजच्या रुडॉल्फ काराचिओलानं जिंकली. त्या वेळी दक्षिणेचा वळसा धरून पूर्ण मार्ग २८ किलोमीटरच्या वर होता आणि नुसता उत्तरेचा वळसा २२.८ किलोमीटरचा होता. हा २२.८ चा आकडा कृपा करून लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम पडणार आहे.

त्या काळात फेरीची वेळ म्हणजे शर्यतीत लागलेली वेळ. पंच घड्याळ घेऊन उभे असायचे, सगळ्या गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच पावसात पळायच्या. त्यामुळे वेळेची तुलना करताना कुणाला फारशी शंका यायची नाही. आणि खरं सांगायचं तर त्या आकड्यांत गाडीपेक्षा माणूसच जास्त दिसायचा.

याचं सर्वांत मोठं उदाहरण ४ ऑगस्ट १९५७ चं. त्या दिवशी जर्मन ग्रांप्रीत अर्जेंटिनाचे हुआन मान्युएल फांजिओ मासेराती चालवत होते. वय ४६. समोर फेरारीत दोन तरणेबांड इंग्रज, माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स. शर्यत २२ फेऱ्यांची. फेरारीवाल्यांनी टाकी भरून घेतली होती, न थांबता पळायचं असा त्यांचा बेत. फांजिओंनी उलट केलं. अर्धी टाकी, हलकी गाडी, सुरुवातीला आघाडी घ्यायची आणि मध्ये थांबून पेट्रोल आणि टायर बदलून घ्यायचे. बेत चांगला होता, पण थांब्यावर घोळ झाला आणि फांजिओ बाहेर पडले तेव्हा ते पाऊण मिनिटाहून जास्त मागं होते. उरलेल्या फेऱ्यांत त्यांनी फेरीमागून फेरी विक्रम मोडले. शर्यतीपूर्वीच्या सरावात त्यांची स्वतःचीच सर्वोत्तम वेळ ९ मिनिटं २५.६ सेकंद होती. विसाव्या फेरीत त्यांनी ९ मिनिटं १७.४ सेकंदांत वळसा पूर्ण केला. एकविसाव्या फेरीत दोन्ही फेरारी मागं टाकल्या आणि साडेतीन सेकंदांच्या फरकानं शर्यत जिंकली. त्याच विजयानं त्यांचं पाचवं जगज्जेतेपद पक्कं झालं.

आता हिशेब बघा. तोच माणूस, तीच गाडी, तोच रस्ता आणि तोच आठवडा. तरी आठ सेकंदांचा फरक! हे आठ सेकंद इंजिनातून आले नव्हते. असं आपण आधी कधी चालवलं नव्हतं आणि पुन्हा कधी चालवणार नाही, असं फांजिओ नंतर सांगत असत. पुढं जेव्हा एखादी कंपनी म्हणते की आमची गाडी शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा चार सेकंदांनी वेगवान, तेव्हा मला फांजिओंचे हे आठ सेकंद आठवतात.

या रस्त्याचा दुसरा चेहराही सांगायला हवा. स्कॉटलंडचे जॅकी स्टुअर्ट यांनी त्याला 'हिरवा नरक' असं नाव दिलं. १९६८ मध्ये धुक्यात आणि पावसात त्यांनी इथली शर्यत चार मिनिटांहून जास्त फरकानं जिंकली, आणि तेच स्टुअर्ट पुढं या मार्गाच्या धोक्यांवर सर्वांत जास्त बोलले. कारण साधं होतं. २२ किलोमीटरच्या जंगलातल्या रस्त्यावर प्रत्येक वळणाला आग विझवणारा माणूस आणि डॉक्टर उभा करणं शक्यच नव्हतं.

१९७५ मध्ये ऑस्ट्रियाचे निकी लाउडा यांनी फेरारीतून इथं सरावात ६ मिनिटं ५८.६ सेकंदांची फेरी मारली. सात मिनिटांच्या आत येणारे ते पहिले. आणि पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, याच लाउडांनी इतर चालकांना सांगितलं की हवा बघता आपण इथं पळू नये. मतदान झालं, एका मतानं त्यांचं म्हणणं पडलं. १ ऑगस्टला शर्यत झाली. दुसऱ्या फेरीत लाउडांची गाडी कडेला आदळून पेटली. सरकारी बंब यायच्या आधी मागून येणाऱ्या चालकांनीच आपल्या गाड्या थांबवून त्यांना आगीतून ओढून काढलं. मर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल अशी त्यांची नावं. शर्यतीच्या वेळेच्या तक्त्यात ती फार वर नसतील, पण नावं सांगायला पाहिजेत. रुग्णालयात धर्मगुरूंना बोलावून लाउडांसाठी अखेरची प्रार्थनाही झाली होती. ते सहा आठवड्यांनी, भाजलेल्या जखमांवर पट्ट्या बांधून, इटलीत मोंझाला शर्यतीत उतरले आणि चौथे आले. फॉर्म्युला वनची शर्यत मात्र नॉर्डश्लाइफेवर पुन्हा झाली नाही.

आता मघाचा २२.८ किलोमीटरचा आकडा काढा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारी नवा, आटोपशीर आणि सुरक्षित मार्ग बांधायचं ठरलं. त्यासाठी जुन्या वळशाचा सुरुवातीचा भाग तोडला गेला. उत्तरेचा वळसा २०.८३२ किलोमीटरचा झाला. म्हणजे दोन किलोमीटर गेले! इथून पुढच्या वेळा आणि मागच्या वेळा एका वहीत लिहिता येत नाहीत. पण लोक लिहितात. २०१३ च्या सप्टेंबरात पोर्शे ९१८ स्पायडर या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीनं, मार्क लीब यांच्या हातात, ६ मिनिटं ५७ सेकंदांची वेळ दिली. आकडे शेजारी ठेवले की वाटतं, लाउडांच्या फॉर्म्युला वनच्या फेरारीला दुकानात विकत मिळणाऱ्या गाडीनं हरवलं की! पण लाउडा २२.८ किलोमीटर पळाले होते, त्यांचा सरासरी वेग ताशी सुमारे १९६ किलोमीटर पडतो. पोर्शेची वेळ मोजली होती २०.६ किलोमीटरवर, तिचा सरासरी वेग ताशी १७८ च्या आसपास येतो. एक बिंदू चौकातून निघालेला, एक शिवाजी पुलावरून!

कुणी बारकाईनं ऐकत असेल तर म्हणेल, मघाशी तुम्ही २०.८३२ म्हणालात, आता २०.६ कुठून आले? बरोबर आहे. हा घोळ वेगळाच आहे. सराव आणि चाचण्यांच्या वेळी गाड्या थांबायला आणि वळायला एक जागा लागते, म्हणून जुन्या प्रेक्षागृहासमोरचा तुकडा सोडून मोजायची पद्धत पडली. तो तुकडा २३२ मीटरचा. वर्षानुवर्षं कंपन्यांनी आणि मासिकांनी २०.६ किलोमीटरच धरले. शर्यतींचे अधिकृत आकडे मात्र पूर्ण वळशाचे. हा तुकडा किती महाग पडतो, ते आपल्या ओळखीच्या एका कंपनीच्या गाडीवरून दाखवता येतं. जग्वार ही कंपनी टाटा मोटर्सनं २००८ मध्ये विकत घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या एक्सई एसव्ही प्रोजेक्ट ८ या चार दरवाजांच्या गाडीनं २०१९ मध्ये एकाच फेरीच्या दोन वेळा जाहीर केल्या. २०.६ किलोमीटरला ७ मिनिटं १८.३६१ सेकंद आणि पूर्ण वळशाला ७ मिनिटं २३.१६४ सेकंद. दोन्ही आकडे एकाच फेरीतले. फरक ४.८ सेकंदांचा. जाहिरातीत कुठला छापायचा, हे तुम्हीच ठरवा.

पण पाच सेकंद कमी वाटावेत असे वाद या रस्त्यावर झालेले आहेत. त्यातला सर्वांत गाजलेला २००८ चा. निसान या जपानी कंपनीनं जीटी-आर नावाची गाडी आणली होती. किंमत पोर्शे ९११ टर्बोच्या तुलनेत बरीच कमी. त्या वर्षी एप्रिलमध्ये तोशिओ सुझुकी यांनी ती ७ मिनिटं २९ सेकंदांत फिरवली, असं निसाननं जाहीर केलं. पोर्शेला ते पचलं नाही. त्यांनी अमेरिकेतून एक जीटी-आर विकत घेतली, आपल्या चालकाला दिली आणि नॉर्डश्लाइफेवर नेली. वेळ आली ७ मिनिटं ५४ सेकंद. त्यांच्या मते त्यांची स्वतःची टर्बो ७:३८ आणि जीटी२ ही ७:३४ मध्ये फिरत होती. २५ सेकंदांचा फरक! निसाननं उत्तर दिलं की टायर कुठले होते, गाडी नीट पळवून घेतली होती का, हे तपासा. आणि हवं तर आमच्याकडे या, ही गाडी कशी चालवायची ते शिकवतो.

मी या वादात कुणाचीच बाजू घेणार नाही. मशिनशॉपमध्ये आम्हाला वस्तादांनी पहिला धडा दिला तो असा : मायक्रोमीटर हातात घेतला की आधी शून्य तपास. मापणाऱ्याचं शून्य चुकलं तर पुढचं प्रत्येक माप चुकतं, आणि गंमत म्हणजे सगळी मापं एकमेकांशी जुळतातही. निसाननं आपल्या मापानं मोजलं, पोर्शेनं आपल्या. दोघांची मापं आपापल्या ठिकाणी जुळत होती. पण मधे तिसरा, ज्याचा त्यात पैसा गुंतलेला नाही असा माणूस, नव्हता. विकणाराच पंच होता.

आपल्याकडे या बाबतीत बैलगाड्यांच्या शर्यती जास्त हुशार आहेत, असं मला वाटतं. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेडच्या बाजूला घाटातला बैलगाडा एकेकटा पळतो आणि त्याची वेळ सेकंदात मोजतात. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे सपाट रानात गाड्या शेजारी शेजारी सुटतात आणि कोण पुढं ते डोळ्यांनी दिसतं. आपल्या बाजूच्या माणसाला निकाली कुस्ती आवडते, खासबागेत वाढलेला प्रेक्षक गुणांवर सुटलेली कुस्ती बघून उठताना कुरकुरतोच. पण घाटातली घड्याळावरची शर्यतसुद्धा न्याय्य असते, कारण घाट तोच, दिवस तोच, आणि घड्याळ गाड्याच्या मालकाच्या हातात नसतं. २००८ मध्ये जगातल्या दोन बलाढ्य कंपन्यांना एवढंही जमलेलं नव्हतं.

जमवलं होतं ते एका जर्मन मासिकानं. 'स्पोर्ट ऑटो' या मासिकात १९९७ पासून 'सुपरटेस्ट' नावाचं सदर सुरू झालं. होर्स्ट फॉन झाउर्मा हे संपादक स्वतः प्रत्येक गाडी नॉर्डश्लाइफेवर चालवायचे. वर्षानुवर्षं तोच चालक, तीच पद्धत, तेच अंतर. त्यांच्या वेळा कंपन्यांच्या वेळांपेक्षा बहुतेकदा काही सेकंद जास्त यायच्या. कंपनीचा चालक त्या एकाच गाडीवर महिनोन्महिने घालवतो, संपादकाला ती थोडे दिवस मिळते, म्हणून हे होणारच. पण एका गाडीची दुसरीशी तुलना करायची तर झाउर्मांचा तक्ताच मी जास्त विश्वासानं वाचीन. गाडी घेणारा माणूसही शेवटी संपादकासारखाच चालवणार, कंपनीच्या विक्रमवीरासारखा नाही.

आणखी एक भानगड म्हणजे रस्त्यावरची गाडी म्हणायचं कशाला. रॅडिकल या लहानशा ब्रिटिश कंपनीनं आपल्या एसआर८ या गाडीनं २००५ मध्येच ६ मिनिटं ५५ सेकंद दिले होते. म्हणजे पोर्शे ९१८ च्या आठ वर्षं आधी. पण ती गाडी दिसायला निव्वळ शर्यतीची. लोक म्हणाले, ही कसली रस्त्यावरची गाडी! तेव्हा २००९ मध्ये कंपनीनं ती इंग्लंडहून रस्त्यानं जर्मनीला चालवत नेली आणि ६ मिनिटं ४८ सेकंद दिले. तरीही काही जणांनी तो आकडा वेगळ्या रकान्यातच ठेवला. मला यात रॅडिकलची बाजू पटते. रस्त्यानं आलेल्या गाडीला रस्त्यावरची गाडी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

शुद्ध शर्यतीच्या गाड्यांची गोष्ट निराळी. १९८३ च्या मे महिन्यात स्टेफान बेलोफ या पंचविशीतल्या जर्मन तरुणानं पोर्शे ९५६ मधून, शर्यतीपूर्वीच्या चाचणीत, ६ मिनिटं ११.१३ सेकंदांची फेरी मारली. सरासरी ताशी २०२ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी शर्यतीत त्याची गाडी उडून मोडली, तो वाचला. १९८५ मध्ये बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीत मात्र तो गेला. त्याचा आकडा पस्तीस वर्षं कुणाला गाठता आला नाही. २०१८ च्या जूनमध्ये टिमो बर्नहार्डनं पोर्शे ९१९ इव्होमधून ५ मिनिटं १९.५४६ सेकंद दिले. पण ही गाडी कुठल्याच शर्यतीच्या नियमात बसत नव्हती, नियम काढून टाकले तर काय होतं, हे दाखवण्यासाठीच ती तयार केली होती. त्यामुळे बेलोफचा विक्रम मोडला असं म्हणणारेही आहेत आणि तो जिथल्या तिथं आहे असं म्हणणारेही. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

२०१५ च्या मार्चमध्ये इथल्या एका शर्यतीत एक गाडी चढावरून हवेत उडाली, कुंपणावरून पलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. त्यानंतर मार्गाच्या काही भागांत वेगमर्यादा आली आणि कंपन्यांच्या विक्रमी फेऱ्या बंद झाल्या. वेळ मोजण्यात अर्थच उरला नाही. रस्त्यात सुधारणा करून, उंचवटे सपाट करून २०१६ मध्ये ती मर्यादा उठवली. म्हणजे रस्ता पुन्हा बदलला. २०१४ ची वेळ आणि २०१७ ची वेळ शेजारी ठेवताना हेही ध्यानात घ्यावं लागतं.

शेवटी २०१९ मध्ये मार्गाच्या चालकांनीच नियम केले. विक्रम म्हणायचा असेल तर पूर्ण २०.८३२ किलोमीटर मोजायचे. गाड्यांचे वर्ग ठरले. मोजणी त्रयस्थानं करायची, गाडी खरोखर विकली जाते तशीच आहे की नाही हे नोटरीसमक्ष तपासायचं. आपल्याकडे प्रतिज्ञापत्राला जसा नोटरीचा शिक्का लागतो, तसा तिथं वेगाला लागू लागला. १९२७ पासून मोजलं तर ९२ वर्षांनी मामांच्या प्रश्नाला लेखी उत्तर मिळालं.

पण शिक्का मारून सगळं संपतं का? याचं उत्तर मला एकाच गाडीत सापडतं. मर्सिडीज-एएमजी वन या गाडीनं ऑक्टोबर २०२२ मध्ये, मारो एंगल या चालकाच्या हातात, ६ मिनिटं ३५.१८३ सेकंदांचा अधिकृत विक्रम केला. नोटरी, पूर्ण अंतर, सगळं रीतसर. २०२४ च्या सप्टेंबरात तीच जातीची गाडी, तोच चालक आणि तेच अंतर घेऊन त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. वेळ आली ६ मिनिटं २९.०९० सेकंद. सहा सेकंदांहून जास्त फरक! पहिल्या वेळी ऑक्टोबरअखेरची थंडी होती आणि काही ठिकाणी रस्ता पुरता वाळलेला नव्हता, हे कंपनीनंच सांगितलं होतं. म्हणजे सगळे नियम पाळूनही पानांखालच्या ओलीची किंमत काही सेकंदांची. आता एखाद्या तक्त्यात दोन निरनिराळ्या गाड्या दोन सेकंदांच्या फरकानं खालीवर असतील, तर पहिली दुसरीपेक्षा चांगली असं म्हणायला मी तरी धजणार नाही. पंधरा-वीस सेकंदांचा फरक असेल तर म्हणेन.

हे सगळं कोल्हापुरात बसून सांगायचं कारण आहे. आमच्या वेळी पोरांना वेग मोजायला पन्हाळ्याचा रस्ता होता, दुसरं काही नव्हतं. पुढं इथं मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक झाला. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या तिथं झाल्या. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये धावला. कार्टिंगच्या ट्रॅकवर गाडीला ट्रान्सपाँडर नावाची लहानशी डबी लावतात. ती रस्त्याखाली पुरलेल्या तारेवरून गेली की यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ नोंदवतं. हातातल्या घड्याळाचं बटण दाबायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज लागतो, आणि तो प्रत्येक वेळी सारखाच लागेल असंही नाही. तिथं 'कुठनं कुठवर' विचारावं लागत नाही, तार एकच असते. समोरून एसटी येत नाही, म्हैस आडवी येत नाही, आणि पडलास तर उचलायला माणसं उभी असतात. नॉर्डश्लाइफेचंच बघा. तिकीट काढून कुणीही आपली गाडी तिथं घालू शकतो, पण या पर्यटकांच्या फेऱ्यांत वेळ मोजायला सक्त मनाई आहे. ज्या रस्त्यानं वेळ मोजण्याचं वेड जगाला लावलं, त्याच रस्त्याला हा नियम करावा लागला.

आमच्या वादाचं पुढं काय झालं, ते राहिलंच. मामांच्या प्रश्नानंतर आम्ही ठरवलं की शिवाजी पूल ते पन्हाळ्याचा नाका, दोघांनी त्याच्याच घड्याळावर, एकाच रविवारी. आधी मी गेलो. वीस मिनिटं चाळीस सेकंद. मग तो निघाला. ऑगस्ट महिना होता, केर्लीपर्यंत कोरडं होतं, वाघबिळाच्या वर घाटात पाऊस नुकताच पडून गेला होता. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर त्याची राजदूत घसरली. गुडघा फुटला. तीन महिने तो कामावर नव्हता, उमेदवारी वर्षभर लांबली. मी नाक्यावर पाऊण तास घड्याळाविना त्याची वाट बघत उभा होतो, कारण घड्याळ त्याच्या मनगटावर होतं. शेवटी एका ट्रकवाल्यानं येऊन सांगितलं.

मध्यंतरी त्याच्या घरी गेलो होतो. नातवानं मोबाइलवर मर्सिडीजच्या त्या दोन फेऱ्यांच्या चित्रफिती लावून दिल्या. आम्ही दोघांनी दोन्ही पूर्ण बघितल्या, साडेसहा-साडेसहा मिनिटं. पोरगा आकडे सांगत होता. मित्र आकड्यांकडे बघतच नव्हता. २०२२ ची फीत चालू असताना एका वळणाशी त्यानं ती थांबवायला लावली, चष्मा वर केला आणि पडद्यावर बोट ठेवून मला म्हणाला, "मर्दा, हितं ओलं हाय का रे?"